चांदीचा जबडा

वरचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढे असावेत, असा मनुष्यप्राण्याच्या बाबतीत सर्वसाधारण संकेत आहे. आमच्या मीनाने तो पाळला नव्हता. तिचे तोंड मिटले की खालची ओळ वरच्या ओळीपुढे येऊन उभी राही. कपाटाचा खालचा खण नीट आत गेला नाही की दिसतो, तशी. याला मी व्यंग म्हणत नसे. दोन हाडांच्या वाढीचा वेग सारखा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि वाढीला योग्य दिशेने बल लावले की तिची दिशा बदलते. मुंबईतल्या एका दंतमहाविद्यालयातील प्राध्यापकांचेही मत हेच पडले.

"नऊ वर्षांची ना? उत्तम. हाड अजून ऐकतं," ते म्हणाले. "आणखी दोन-तीन वर्षांनी ऐकणार नाही. मग सज्ञान झाल्यावर थेट शस्त्रक्रिया. करवतीनं."

शेवटचा शब्द त्यांनी मीनाकडे पाहून उच्चारला. आयुष्यभर शिकवण्यात गेले की कोणते वाक्य कोणासमोर बोलावे याचे भान सुटते, असे माझे निरीक्षण आहे.

उपाय म्हणून त्यांनी हेडगिअर नावाचे एक यंत्र सुचवले. ते महाविद्यालयाच्या भांडारातून बाहेर पडण्यासाठी निरनिराळ्या टेबलांवरच्या सह्या लागत, आणि प्रत्येक सही करणारा दुसऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीतच जागेवर सापडे. अखेर ते मिळाले. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक वाटी, दोहोंना जोडणारी पोलादी सळई नाकासमोरून उभी, तिच्यावर ओठांच्या पातळीत एक आडवा दांडा, आणि त्या दांड्यापासून वरच्या दातांवर बसवलेल्या पट्टीपर्यंत ताणलेली दोन रबरे. डोक्यामागून एक निळा पट्टा. तत्त्व साधे होते. कपाळ आणि हनुवटी यांना मागे रेटायचे आणि त्याच बळाने वरचा जबडा पुढे ओढायचा. न्यूटनचा तिसरा नियम माझ्या मुलीच्या तोंडावर बांधला गेला होता, आणि त्याचा मला अभिमान वाटला हे लपवण्याचे कारण नाही.

वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. तेथला स्प्रिंगकाटा घरी आणून मी रबरांचा ताण तपासला. निकाल समाधानकारक होता. मग मीनाला आकृती काढून सर्व समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"पण बाबा, हे काढायचं कधी?"

"जबडा पुढे आला की."

"तो कधी येणार?"

"ते त्याच्या वाढीवर अवलंबून आहे."

या उत्तरात शास्त्रीयदृष्ट्या एकही चूक नव्हती. मीनाने रबरे लावून घेतली आणि पोट दुखते म्हणून रडली. पोटाचा या रचनेशी काही संबंध नव्हता, हेही मी तिला समजावले.

आम्ही राहत होतो त्या वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती, नाट्यगृह नव्हते, आणि भाजी मिळाली तर ती ताजी नसे. सिडकोच्या त्या चौकोनी इमारतींमध्ये कोकणातून, देशावरून आणि गिरगावातून माणसे येऊन पडली होती. आजाऱ्याला भेटायला जाण्याची हौस त्यांनी आपापल्या गावाहून सोबत आणली होती, पण नव्या शहरात आजारी माणसांचा पुरेसा पुरवठा नव्हता. मीनाला गॅलरीत त्या यंत्रासह पाहताच ही टंचाई संपली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे मोसंबी, शहाळी आणि ग्लुकोजची बिस्किटे येऊ लागली. स्कूटरच्या अपघातापासून कुत्रा चावण्यापर्यंत सर्व निदाने जिन्यातच झालेली होती.

तळमजल्यावरच्या वेणूबाई पहिल्या आल्या.

"अगं बाई! एवढ्याशा जिवाला लगाम घातलात हो!"

मी त्यांना दोन्ही जबड्यांच्या वाढीतील फरक विशद केला.

"म्हणजे हाड मोडलंय?"

"नाही."

"मग मोडणार आहेत?"

"मुळीच नाही."

"मग लगाम कशाला?" असे म्हणून त्यांनी मीनाच्या हातात मोसंबे ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला. 'लगाम' हा शब्द त्या दुपारी इमारतीत रूढ झाला. पुढे माझी पत्नी सुनीतीसुद्धा तोच वापरू लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव संध्याकाळी आले. "काय साहेब, दूरदर्शन पकडतं का हो यावर? आमच्याकडे नुसत्या मुंग्या येतायत!" ते स्वतःच पोटभर हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "टेन्शन नका घेऊ. फक्त पोरीला गॅलरीत बसवू नका. वरचा फ्लॅट बघायला पार्टी येतेय रविवारी. उगाच वाटायचं, इथल्या पाण्यात काही आहे. त्यात तुम्ही केमिकलवाले."

पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवाल मी त्यांना देऊ केला. अहवाल आहे म्हणजे संशय होता, असे ते म्हणाले आणि बिस्कीट खाऊन गेले.

शाळेचे प्रकरण अधिक गंभीर होते. यंत्र जितका वेळ तोंडावर राहील तितके चांगले, असे प्राध्यापकांनी सांगितले होते. म्हणून ते शाळेतही घालावे असे मी ठरवले. मुख्याध्यापिकाबाईंनी यंत्राकडे बराच वेळ पाहिले.

"पट्टा निळा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मुलींच्या डोक्यावर पांढऱ्या रिबिनीखेरीज काही चालत नाही."

मी बल, काल आणि अस्थी यांविषयी बोललो. त्यांनी मान डोलावली आणि हा प्रकार संसर्गजन्य नाही असा डॉक्टरांचा दाखला मागितला. प्राध्यापक तसा दाखला देईनात. जो रोगच नाही तो संसर्गजन्य नाही असे लिहून देणे म्हणजे तो रोग आहे असे मान्य करणे, हा त्यांचा मुद्दा तर्कशुद्ध होता आणि मला तो पूर्णपणे पटला. त्यामुळे मीनाची शाळा काही दिवस बुडाली. शेवटी सुनीतीने निळ्या पट्ट्यावर पांढरी फीत शिवली. मुख्याध्यापिकाबाई लगेच म्हणाल्या, "आता काही हरकत नाही." संसर्गाचा प्रश्न फितीने कसा सुटला, हे मी त्यांना विचारले नाही. सुनीतीने माझा हात धरला होता.

वर्गात सळईमुळे मागच्या मुलींना फळा दिसत नाही म्हणून मीनाला शेवटच्या बाकावर बसवण्यात आले. तेथून तिला फळा दिसत नसे. ती वर्गात शिरली की मुले टाळूला जीभ लावून टाक्-टाक् असा घोड्याच्या टापांचा आवाज काढीत. वर्गशिक्षिकांकडे मी तक्रार केली. त्यांनी सांगितले की तोंड मिटूनही हा आवाज काढता येतो, त्यामुळे कोण काढते हे सिद्ध होत नाही. पुराव्याविषयी एवढा काटेकोरपणा मी त्या शाळेत इतर कोणत्याही विषयात पाहिला नाही.

पुढच्या भेटीत प्राध्यापकांनी मोजमाप घेतले आणि चष्मा काढला.

"काहीही हललेलं नाही. घालते का ही?"

"घालते," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणताय. हाड तसं म्हणत नाही."

घरी चौकशी केली तेव्हा कळले की शाळेच्या बसमध्ये चढताच मीना यंत्र काढून दप्तरात टाकी आणि परतताना घराच्या वळणावर पुन्हा चढवी. मी तिला रागावलो नाही. रागावणे हे शास्त्रीय साधन नाही. मी तिला दोन वर्षांनी काय होईल, अठराव्या वर्षी काय होईल, आणि करवत म्हणजे नेमके काय, हे क्रमवार सांगितले. ती माझ्याकडे पाहत होती. तिचा खालचा ओठ वरच्या ओठापुढे घट्ट मिटलेला होता. हा हट्टीपणा नसून अस्थिरचना आहे, याची मी मनातल्या मनात नोंद घेतली, पण फरक सांगणे कठीण होते.

यानंतर काही आठवड्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. मीना कोणी न सांगता यंत्र घालू लागली. बसमध्ये, शाळेत, टापांच्या आवाजात, झोपेतही. जेवणापुरते काढले की जेवण संपताच स्वतःच रबरे अडकवी. मी भिंतीवर आलेखकागद लावून दर रविवारी दातांतील अंतर त्यावर मांडू लागलो. रेषा हळूहळू इष्ट दिशेने सरकू लागली. नऊ वर्षांच्या मुलीला यंत्रशास्त्राचे तत्त्व पटले की ती काय करू शकते, यावर मी प्रयोगशाळेत सहकाऱ्यांपुढे दोन-तीनदा बोललो. ते दिवस फार चांगले होते.

मग प्राध्यापकांनी तुलनेसाठी पहिला नमुना मागवला. उपचारापूर्वी दातांचे प्लॅस्टरचे ठसे घेतात. महाविद्यालयात ठेवायला जागा नसल्याने ते पालकांनीच सांभाळायचे असत. आमचा ठसा शोकेसमध्ये ताजमहालाच्या प्रतिकृतीशेजारी असे. तो तेथे नव्हता.

"नामदेवकडे आहे," सुनीती म्हणाली.

"कोण नामदेव?"

"सोनार. वाशीगावातला."

"सोनाराकडे मीनाचे दात?"

"त्याच्याकडे चांदीचे डोळे आहेत, हात आहेत, पाय आहेत, पाळणे आहेत. जबड्याचा साचा नाही. असा जबडा आजवर कुणी वाहिलाच नाही. तो म्हणाला, नमुना आणा."

अशा रीतीने मला नवसाची बातमी लागली. करावे गावच्या गिरजाबाई आमच्याकडे टोपलीतून मासळी घेऊन येत. त्यांनी सुनीतीला सांगितले होते, "ताई, डाक्टर डाक्टर काय करतंस? आमच्या गावदेवीला बोल. चांदीचा जबडा देईन म्हन. चैताच्या जत्रेला पोरीला घेऊन ये." आणि सुनीती बोलली होती. मीनालाही तिने सांगितले होते, आणि मीनाने लगाम घालण्यास सुरुवात केली ती त्या दिवसापासून. माझ्या आलेखावरची तारीख आणि नवसाची तारीख तंतोतंत जुळली.

"तुला कळतंय का?" मी म्हणालो. "एकाच वेळी दोन उपाय चालू केले, तर गुण कशानं आला हे कधीच ठरवता येणार नाही."

"मला ठरवायचंच नाहीये. मला दात हवेत," सुनीती म्हणाली. "तुम्ही भिंतीवर कागद लावलात, मी काही बोलले?"

मी नामदेवच्या दुकानी गेलो. सुनीती आणि वेणूबाई सोबत होत्या. वेणूबाईंना कोणी बोलावले नव्हते. नामदेवने मखमलीच्या तुकड्यावर एक चांदीचा जबडा ठेवला. काम उत्कृष्ट होते. प्रत्येक दात ओळखू येत होता, आणि खालची ओळ वरच्या ओळीपुढे निश्चलपणे उभी होती.

"अहो, हे तर वाकडंच घडवलंय!" वेणूबाई किंचाळल्या. "देवीला वाकडं दिलं तर ती काय सरळ देणार?"

"नमुना दिला तसा माल," नामदेव म्हणाला. "मी काय डॉक्टर आहे?"

वाद आमच्या जिन्यात आला आणि तेथे आठवडाभर राहिला. नवसात अवयव वाहतात तो दुखरा की बरा, हा प्रश्न यापूर्वी कोणाला पडला नव्हता, कारण सोनारांकडचे हात आणि डोळे सारखेच असतात. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त शास्त्रीबोवा दुखऱ्याच्या बाजूचे होते: व्याधीच देवाला अर्पण करायची. मधुकररावांनी "मेजॉरिटी बघू" म्हटले. शेवटी गिरजाबाईंनी टोपली खाली ठेवून निकाल दिला.

"डोला वाहतात तो काय आंधला वाहतात?"

जबडा वितळवायचा, आणि मीनाचे दात सरळ झाल्यावर घेतलेल्या नव्या ठशावरून पुन्हा घडवायचा, असे ठरले. पहिल्या ठशाचा सोनाराकडे चुरा झाला होता. सुनीतीने प्राध्यापकांना विनंती केली की दात जुळल्यावर एक ठसा आम्हाला जास्तीचा हवा. प्राध्यापक भारावले.

"जुळल्यानंतरची नोंद मागणारे पालक मी पहिल्यांदा पाहतोय," ते माझा हात हातात घेऊन म्हणाले. "ही तुमची शास्त्रीय वृत्ती."



फाल्गुन संपता संपता एका सोमवारी मीनाचे वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बोलावून घेतले. ठसे घेतले गेले. मग ते म्हणाले, "आता खरी कसोटी. हाडाला जुनी जागा आठवत असते. अजून वर्षभर तरी घालायचं, निदान घरी. सोडलंत तर परत जाईल." मीना खुर्चीत बसून छताकडे पाहत होती. सुनीती जमिनीकडे पाहत होती.

खाडीवरचा पूल ओलांडताना बसमध्ये सुनीतीने नवसाचा उरलेला भाग सांगितला. चांदीचा जबडा वाहायचा, आणि देवीसमोर लगाम उतरवून तिथेच ठेवायचा.

मी शक्य तितक्या शांतपणे युक्तिवाद केला. देवीला जबडा चांदीचा चालतो, तर लगामही चांदीचा का चालू नये? एक प्रतिकृती ती स्वीकारते, दुसरी नाकारण्याचे कारण काय? घरी आल्यावर हाच मुद्दा मी वेणूबाईंपुढे मांडला.

"म्हणजे देवीला फसवायचं?" त्या म्हणाल्या.

"मग जबड्याच्या बाबतीत काय करतोय?"

"तो नवस आहे. लगाम म्हणजे शब्द."

मधुकरराव म्हणाले, "साहेब, जत्रेला सोसायटीतर्फे टेम्पो करतोय. तुमच्यासाठी पुढची सीट." मीना दारात उभी राहून सर्व ऐकत होती. तिला मी थेट विचारले: डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलेस ना? ती म्हणाली, ऐकले. मी म्हणालो, मग? ती म्हणाली, "आईनं शब्द दिलाय." एवढी आज्ञाधारक ती यापूर्वी कधी दिसली नव्हती.

जत्रेत खाजा होता, पाळणे होते, बेंजो होता. आमच्या इमारतीतली निम्मी माणसे गाभाऱ्यापुढे उभी होती. चांदीचा जबडा तबकातून गेला. त्यात वरचे दात यथायोग्य पुढे होते. मग मीनाने आपल्या हातांनी रबरे सोडवली, कपाळाची गादी उचलली, आणि कोणी सांगण्याआधी जाऊन नवसाच्या लाकडी पाळण्यांच्या शेजारच्या खिळ्याला लगाम अडकवला. बायकांनी डोळे पुसले. गिरजाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडली. माझ्या पाठीवर मधुकररावांची थाप पडली. "अभिनंदन साहेब! मानलं बुवा देवीला!"

गर्दी ओसरली की यंत्र काढून घ्यायचे, असे मी ठरवून ठेवले होते. देवळातल्या म्हाताऱ्याने मला अडवले. वाहिलेली वस्तू देवीची, आणि देवीच्या वस्तूंविषयी गावकीला विचारावे लागते. गावकीचे पंच मी नंतर एका रविवारी गाठले. ते सौजन्याने वागले. वर्षभरातल्या वस्तूंचा लिलाव पुढच्या चैत्रात होतो, तेव्हा मी बोली लावू शकतो, असे त्यांनी सांगितले. मी महाविद्यालयाच्या भांडारात दुसरे यंत्र मागितले. जुने जमा केल्याशिवाय नवे मिळत नाही, हा नियम होता. जुने देवीकडे आहे असे मी भांडारपालाला सांगितले. त्याने ती कोणत्या विभागात असते, असे विचारले.

पावसाळ्यात आलेखावरची रेषा मागे वळली. दिवाळीपर्यंत खालची ओळ पुन्हा पुढे येऊन उभी राहिली. कारणांची टंचाई नव्हती. वेणूबाईंच्या मते बापाने दिलेली वस्तू परत मागितली, म्हणून देवी दुखावली. शास्त्रीबोवांच्या मते मुळातच दुखरा जबडा वाहायला हवा होता. मधुकररावांनी पाण्याचा अहवाल अजून आहे का, असे विचारले. सुनीतीने भिंतीवरचा आलेखकागद काढून घडी घातली आणि कपाटात ठेवला. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरे झाले असते.

मी मीनाला घेऊन प्राध्यापकांकडे गेलो.

"तोंड उघड," ते म्हणाले. मग दातांतील अंतर दोनदा मोजले. "घालणं सोडलंत?"

"यंत्र सध्या एका संस्थेच्या ताब्यात आहे," मी म्हणालो.

"मी देऊन टाकलं," मीना म्हणाली.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, आणि माझ्याकडे पाहत, आता सज्ञान झाल्यावर बघू, असे म्हणून पुढच्या मुलाला बोलावले. या वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला नाही.

बसथांब्यावर आम्ही दोघे उभे होतो. उपाय संपले होते आणि बोलायला पुष्कळ वेळ होता.

"तुझा देवीवर विश्वास आहे, हे मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नाहीये."

"मग रोज लगाम घालत कशी होतीस? शाळेत? झोपेत?"

"जत्रेला उतरवायचा होता ना. जत्रा कॅलेंडरवर छापलेली असते. मी रोज एक चौकोन खोडत होते."

"पण डॉक्टर म्हणाले होते, सोडलंस तर दात मागे जातील."

"मी खुर्चीतच होते, बाबा. ऐकलं मी."

"आणि तरी दिलास?"

तिने खांदे उडवले. माझ्या ओळखीचे सर्व तर्क त्या वेळी माझ्याजवळ होते. एकही काढावासा वाटला नाही. ज्या इमारतीत देवीवर विश्वास ठेवणारे आणि यंत्रावर विश्वास ठेवणारे वर्षभर भांडले, तेथे हिशेबाने वागलेली ही एकच व्यक्ती होती, आणि हिशेब आमच्या दोघांच्याही विरुद्ध गेला होता.

"अठराव्या वर्षी फार दुखेल," मी म्हणालो.

"आत्ताही दुखत होतं," मीना म्हणाली. "तुम्ही स्प्रिंगकाटा रबराला लावला होता."

बस आली. ती माझ्या आधी चढली आणि खिडकीपाशी जागा धरून मला शेजारी बसायची खूण केली. बस पुलावर पोचली. मीना बाहेर पाहतच म्हणाली,

"देवी बरी होती, बाबा. तिनं एकदाही तोंड उघड म्हटलं नाही."